बसस्थानकाच्या आराखडा स्पर्धेत उतरताय? आधी या चुका टाळा

मध्यवर्ती बसस्थानकाची स्पर्धा जाहीर झाली की पहिल्या आठवड्यात रेंडर, म्हणजे इमारतीची कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं, तयार होतात आणि शेवटच्या रात्री बस आठवते. मग तयार प्लॅनवर जिथे मोकळी जागा दिसेल तिथे गाड्या चिकटवल्या जातात. मराठवाड्यातल्या कुठल्याही मोठ्या स्थानकासाठी काम करत असाल, लातूर असो, नांदेड असो की छत्रपती संभाजीनगर, हा क्रम उलटा करा.

गाडी वळतच नाही

चांगल्या चांगल्या प्रवेशिका इथेच बाद होतात. मापं साधी आहेत, ती पाठच करून टाका. बस १२ मीटर लांब, २.६ मीटर रुंद, ३.८ मीटर उंच. पूर्ण वळणाला बाहेरच्या कोपऱ्याला १२ ते साडेबारा मीटर त्रिज्या लागते आणि वळताना गाडी सुमारे ७ मीटर रुंदीचा पट्टा खाते. ३.५ मीटरची लेन सरळ रस्त्यावर पुरते, वळणावर नाही.

वारंवार दिसणारा नमुना म्हणजे गोल प्लॅन. मधोमध २० मीटर त्रिज्येचं गोल सभागृह, त्याला तोंड लावून उभ्या २४ गाड्या आणि भोवती ९ मीटरचा रस्ता. शीट, म्हणजे आराखड्याचा कागद, देखणं दिसतं, वरून घेतलेलं रेंडर तर फारच. पण १२ मीटरची गाडी काटकोनात मागे घ्यायला तिच्या मागे निदान २४ मीटर मोकळं अंगण हवं. आता बेरीज करा: २० अधिक १२ अधिक २४, म्हणजे ५६ मीटर त्रिज्या. नुसत्या गोलालाच सुमारे अडीच एकर जागा गेली, चौकोनी प्लॉटचे चारही कोपरे वाया गेले ते वेगळेच. परीक्षक मंडळात एस.टी.च्या वाहतूक शाखेचा अनुभवी माणूस असेल तर तो पहिल्या गाडीपाशीच विचारतो, "ही बाहेर कशी निघणार?" त्यावर रेंडरमध्ये उत्तर नसतं.

गाडी फलाटाला किती अंशांत लावायची तो कोन ठरवताना अंदाज नको, आकडे मांडा. दर गाडीला ४.५ मीटर धरले तर २० फलाटांना काटकोनात ९० मीटर लांबी लागते, ६० अंशांत १०४ आणि ४५ अंशांत १२७. फलाटापासून मागे गाडी अनुक्रमे १२, ११.७ आणि १०.३ मीटर जागा घेते. कोन जितका तिरका तितकी लांबी जास्त, पण मागचं अंगण कमी लागतं. लांबट प्लॉटवर तिरके फलाट लावा, चौरसावर काटकोन तपासून बघा.

याच्याही पुढची गोष्ट, जिच्याकडे नवखे हमखास दुर्लक्ष करतात: आपल्या गाडीचं दार डाव्या अंगाला आणि चालक उजव्या. फलाट चालकाच्या डाव्या हाताला ठेवून तिरकी गाडी लावली तर दार फलाटाजवळ येतं, प्रवासी अंगणात उतरत नाहीत. पण रिव्हर्स घेताना मागून येणारी गाडी नेमकी चालकाच्या डाव्या, न दिसणाऱ्या बाजूला असते. फलाट उजव्या हाताला ठेवला तर मागचं दिसतं, पण दार अंगणाकडे जातं आणि बाया-माणसं बोचकी घेऊन चाकांमधून वाट काढतात. दोन्ही एकदम साधत नाही. फलाट डावीकडेच ठेवा, दोन गाड्यांच्या मध्ये दीड मीटर रुंदीची फलाटाची जीभ पुढे काढा आणि वाहकाला मागे उभं राहून शिट्टी मारता येईल एवढी जागा प्लॅनवर दाखवा. इमारत मध्ये आणि गाड्या भोवती असतील तर फेरा घड्याळाच्या उलट दिशेने येतो. बाण काढण्याआधी हे ठरवा.

आयत्या ब्लॉकचा, म्हणजे प्लॅनवर चिकटवायच्या तयार चित्राचा, मोह इथेच नडतो. इंटरनेटवरून उतरवलेल्या बसचं दार बहुधा उजवीकडे असतं. असा ब्लॉक शीटवर दिसला की स्पर्धक कधी फलाटावर उभाच राहिलेला नाही हे कळतं. वळणं तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही गाडी परदेशी आहे का ते आधी बघा. सगळ्यात खात्रीची सवय जुनीच आहे: १:२०० प्रमाणात बस म्हणून ६ सेंटिमीटर बाय १३ मिलिमीटर पुठ्ठा कापा, डाव्या पुढच्या कोपऱ्यावर दाराची लाल खूण करा आणि आत येण्यापासून बाहेर पडेपर्यंत हाताने सरकवा. कंटाळा येईल. तरी प्रत्येक फलाटावर करा.

साडेचारचं ऊन

मराठवाड्यात मेच्या मध्याला दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा कुठलंही छत सावली देतं. त्रास नंतर सुरू होतो. साडेचारच्या सुमारास सूर्य पश्चिमेला क्षितिजापासून ३१-३२ अंशांवर असतो. पश्चिमेकडे उघडं, ५ मीटर उंच छत घ्या: ऊन सुमारे आठ मीटर आत येतं. म्हणजे ६ मीटर रुंद फलाटावर सावली शून्य, आणि सुट्टी सोडली तर त्याच वेळी शाळा-कॉलेज सुटून पासवाली मुलं येतात. फलाट उत्तरेला किंवा पूर्वेला काढा. जमत नसेल तर पश्चिमेला जाळीची भिंत द्या. छताची उंची कमी करून भागत नाही, खालून गाडी जायची आहे. उघड्या पत्र्याखाली बसवू नका, पत्रा संध्याकाळपर्यंत आग ओकतो. आणि दर्शनी काच? इथे तिची गरजच नाही.

बांधकाम चालू असताना गाड्या कुठे लागणार?

जुनं स्थानक एक दिवसही बंद राहत नाही. त्यात तुळजापूरचं नवरात्र, पैठणची नाथषष्ठी, आषाढीच्या जादा गाड्या. टप्प्यांचे तीन छोटे प्लॅन द्या: आधी काय पाडणार, तेव्हा फलाट कुठे, रिक्षा कुठे. अर्ध्या शीटचं काम आहे, पण बहुतेक जण सोडून देतात.

बाकीच्या चुका

खाली मोकळे फलाट आणि वर दोन मजले दुकानं, हा आराखडा हमखास येतो. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप सोसलेल्या भागात नुसत्या खांबांवर असा भार दाखवू नका. कातरभिंती, म्हणजे भूकंपाचा आडवा धक्का पेलणाऱ्या भिंती, कुठे येतील ते प्लॅनवर काढा आणि खांब फलाटाच्या कडेपासून दीड मीटर मागे घ्या, नाहीतर बंपर लागतो.

१७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे. तरी स्वच्छतागृहं दोन्हीकडे सारखीच काढली जातात. महिलांची जास्त द्या, हिरकणी कक्ष, म्हणजे बाळाला पाजायची खोली, कोपऱ्यात ढकलू नका.

अंगणाला डांबर नको. डिझेल-ऑइल सांडून ते सुटतं, वळणाऱ्या चाकांनी उखडतं. काळी माती काढून दाबलेला मुरूम, त्यावर काँक्रीट, असा थर सेक्शनमध्ये, म्हणजे उभ्या छेदात, दाखवा.

२०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ५,००० चौरस मीटर छत, ७०० मिलिमीटर पाऊस आणि ८० टक्के संकलन धरलं तर वर्षाला २८ लाख लिटर होतात. हा हिशेब आणि टाकीची जागा, दोन्ही द्या.

ई-बसचं चार्जिंग लिहून सोडू नका, ट्रान्सफॉर्मरची खोली काढा.

नाव फुटणं

प्रवेशिका निनावी असते, तरी नाव फुटतंच. शीटच्या कोपऱ्यात प्लॉट स्टँपमधून, म्हणजे प्रिंट काढताना सॉफ्टवेअर आपोआप छापतं त्या ओळीतून, फोल्डरचा पत्ता छापला जातो, त्यात ऑफिसचं नाव असतं. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखक म्हणून कॉम्प्युटरच्या मालकाचं नाव येतं. फाइल तयार झाली की दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून प्रॉपर्टीज बघा, लेखकाची ओळ रिकामी करा, फाइलच्या नावात फक्त कोड ठेवा. हे शेवटच्या तासाला जमत नाही, अपलोडसाठी आदला दिवस धरा.