ईएमडीआरला जायच्या आधी काय काय माहीत असावं

माझा घाटात अपघात झाला त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं, पाय बरा झाला, प्लास्टर कधीच निघालं, पण मागून ट्रकचा हॉर्न वाजला की अजून हात गार पडायचे आणि जळक्या रबराचा वास नाकात यायचा. तेव्हा एकीने ईएमडीआर (आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग) ही थेरपी सुचवली. डोळे इकडून तिकडे फिरवायचे आणि आठवणीचा त्रास कमी होतो, हे मला आधी अजिबात पटलं नव्हतं, म्हणून जे पहिल्यांदा जाणारेत त्यांच्यासाठी सगळं लिहून ठेवतेय.

ही थेरपी अमेरिकेतल्या फ्रान्सिन शापिरो या बाईंनी काढली. १९८७ मधे बागेत फिरताना त्यांच्या लक्षात आलं की डोळे भराभर हलत असताना मनातले त्रासदायक विचार बोथट होतायत, मग त्यावर काम करून १९८९ मधे त्यांनी पहिला अभ्यास छापला. २०१३ मधे जागतिक आरोग्य संघटनेने पीटीएसडीसाठी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासासाठी, ज्या थेरप्या सुचवल्या त्यात ही आहे. डोळ्यांच्या हालचालीचा नेमका वाटा किती यावर तज्ज्ञांत वाद आहेत. मला पटलेलं कारण असं, की एका वेळी मनात मावतं तेवढंच मावतं, आठवण धरून ठेवायची आणि थेरपिस्टचं समोर फिरणारं बोटही बघायचं म्हटलं की दोन्हीला जागा पुरत नाही, आठवण फिकी पडते आणि तशीच फिकी परत साठवली जाते.

आधी माणूस नीट शोधा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन आहे का विचारा, आणि ईएमडीआरचं वेगळं ट्रेनिंग कुठे घेतलं तेही विचारा, यात लाजण्यासारखं काही नाही. फिट्स येत असतील, चालू गोळ्या, डोळ्यांचा काही त्रास, मधेच भान हरपणं, जीव द्यायचे विचार, यातलं काहीही असेल तर पहिल्याच दिवशी सांगून टाका, लपवू नका, कारण त्यावरच ते सुरुवात कधी आणि कशी करायची ते ठरवतात.

पहिल्या एकदोन सेशनमधे आठवणीला हातच लावत नाहीत, मला वाटलं वेळ वाया चाललाय, पण तीच तयारी नंतर कामाला आली. एक शांत जागा मनात धरायला सांगतात. जागा निवडताना जिथे कुणाशी भांडण झालंय किंवा जिथलं माणूस आता गेलंय अशी घेऊ नका, मधेच रडू फुटतं. मी आजोळची पडवी घेतली होती, ती आजीमुळे बदलावी लागली, मग नदीकाठचा एक दगड घेतला. थांबायची खूणही आधीच ठरवतात, हात वर केला की थांबायचं. ती खूण बिनधास्त वापरा.

मग त्या घटनेतलं सगळ्यात वाईट चित्र विचारतात, त्या चित्रासोबत स्वतःबद्दल काय वाटतं, त्याऐवजी काय वाटायला हवं आणि ते १ ते ७ मधे किती खरं वाटतं, त्रास ० ते १० मधे किती, शरीरात कुठे जाणवतो. इथे माझं एक कळकळीचं सांगणं आहे, ते वाक्य तुमच्या भाषेत येऊ द्या. माझ्या थेरपिस्ट इंग्रजीत बोलायच्या, ‘आय ॲम नॉट सेफ’ म्हटलं तर मला काहीच होईना, आणि ‘आता माझं काही खरं नाही’ असं तोंडातून आलं आणि घसा दाटला. तेच वाक्य धरलं आम्ही.

खरं काम अगदी साधं दिसतं. समोर बोटं डावीकडून उजवीकडे फिरतात, साधारण अर्धा मिनिट, तुम्ही फक्त डोळ्यांनी त्यांच्यामागे जायचं, डोळे दुखले तर हातावर टॅपिंग करतात. मग श्वास घ्या म्हणतात आणि विचारतात, काय आलं? एकदोन वाक्यात सांगा, पूर्ण गोष्ट सांगावी लागत नाही. एसटीच्या खिडकीतून बाहेर बघतो तसं बघायचं, येईल ते येऊ द्यायचं. मला अपघाताच्या मधेच तिसरीतली शाळेची पायरी आठवली, काय संबंध कळेना, पण तेही चालतं. त्रासाचा आकडा ० किंवा १ वर आला की चांगलं वाक्य पक्कं करतात आणि डोक्यापासून पायापर्यंत कुठे ताण उरलाय का बघतात. माझा पहिल्या दिवशी ९ वरून ६ वरच अडकला होता, त्याने हिरमुसू नका.

सेशन ६० ते ९० मिनिटांचं असतं, त्या दिवशी नंतर मीटिंग, पाहुणे, काही ठेवू नका, लगेच गाडी चालवू नका. रात्री स्वप्नं पडतात, उगाच चिडचिड होते, नवीन तुकडे आठवतात, वहीत दोन ओळी लिहून ठेवा, पुढच्या वेळी सुरुवात त्यावरूनच होते. एकाच घटनेचं असेल तर थोड्या सेशनमधेही फरक पडू शकतो, लहानपणापासूनची मारहाण वगैरे असेल तर वेळ लागतो.

युट्यूबवरचे पळत्या ठिपक्यांचे व्हिडिओ लावून घरी एकट्याने आठवण उकरू नका प्लीज, आठवण उघडली आणि बंद करायला कुणी नसलं तर फार हाल होतात. घरी शांत व्हायचं असेल तर बटरफ्लाय हग करा, हात छातीवर आडवे ठेवून आळीपाळीने हळू थोपटायचं. मेक्सिकोतल्या चक्रीवादळानंतर अकापुल्कोमधे मुलांसोबत काम करताना १९९८ मधे हे सुरू झालं. आणि दोन सेशनच्या मधे रात्री अगदीच सहन होईना तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.