कवचधारी जलजीवांवरील संशोधन : पदव्युत्तर विद्यार्थ्याने टप्पे कसे आखावेत

कालवे, तिसऱ्या, शिणाणे अशा दोन शिंपांच्या मृदुकाय प्राण्यांवर संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने आपले वेळापत्रक विद्यापीठाच्या सत्रांवरून न आखता त्या प्राण्याच्या प्रजननकाळावरून आखावे. समशीतोष्ण पाण्यातील बहुतेक जातींची जननग्रंथी वर्षाच्या उबदार काळातच पक्व होते आणि तो हंगाम हुकला, तर पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते. हॅचरीत, म्हणजे कालवांची पिल्ले तयार करणाऱ्या केंद्रात, पाणी हळूहळू गरम करून व सूक्ष्मशैवाल भरपूर पुरवून जनक कालवे हंगामाआधी तयार करता येतात, परंतु त्यालाही काही आठवडे लागतातच. म्हणून संशोधनाचा आराखडा हंगामाच्या पुरेसा आधी मार्गदर्शकांकडून मंजूर करून घ्यावा.

मात्र माझ्या मते खरा पहिला टप्पा आराखड्याची मंजुरी हा नसून डिंभांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बाल्यावस्थेतील जिवांची, एक तुकडी स्वतःच्या हातांनी शेवटपर्यंत वाढवणे हा आहे. पॅसिफिक कालवाच्या फलित अंड्यापासून २५ अंश सेल्सिअसच्या आसपास साधारण एका दिवसात इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराचा, सुमारे ७० मायक्रोमीटरचा डिंभ तयार होतो. दोन-तीन आठवड्यांत तो ३०० मायक्रोमीटरच्या आसपास पोहोचतो, त्याला नेत्रबिंदू व पाय फुटतात आणि तो कठीण पृष्ठभाग शोधून कायमचा चिकटतो. या काळात साधारणपणे दर दोन दिवसांनी पाणी बदलणे, योग्य छिद्रांच्या चाळणीतून डिंभ गाळून मोजणे आणि आयसोक्रायसिस, कीटोसेरॉस यांसारखे शैवाल ठरलेल्या प्रमाणात देणे ही कामे दुसऱ्यावर सोपवू नयेत. पहिली तुकडी मेली तर खचून जाऊ नये, पण तापमान, क्षारता, सामू आणि शैवालपेशींची संख्या यांची रोजची नोंद नसेल, तर त्या मृत्यूतून काहीच हाती लागत नाही. २००७ नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील हॅचरींमध्ये डिंभ मोठ्या प्रमाणावर मरू लागले, तेव्हा आधी जिवाणूंवर संशय घेतला गेला. पुढे खोल समुद्रातून वर येणारे, कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण जास्त असलेले आणि म्हणून कवच घडवण्यास प्रतिकूल असे पाणी हे त्यामागचे मुख्य कारण असल्याचे पाण्याच्या रसायनाच्या काटेकोर मोजमापांतून उलगडले.

दुसरा टप्पा प्रयोगाच्या मांडणीचा असून बहुतेक प्रबंध येथेच अडतात. एका टाकीतील शंभर कालवे म्हणजे शंभर स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत, कारण ती सर्व एकाच पाण्यात वाढलेली असतात. तापमानाचा किंवा खाद्याचा परिणाम तपासायचा असेल, तर प्रत्येक स्थितीसाठी अनेक वेगळ्या टाक्या लागतात. परिस्थितिकीतज्ज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला छद्मपुनरावृत्ती म्हटले आणि आजही परीक्षक पहिला प्रश्न बहुधा यावरच विचारतात. टाक्यांची संख्या व विश्लेषणाची पद्धत प्रयोगापूर्वीच संख्याशास्त्रज्ञाला दाखवावी. नंतर दाखवून केवळ हळहळ उरते.

पहिल्या हंगामाची आकडेवारी हाती येताच परिषदेत भित्तिपत्रक मांडावे, पूर्ण निष्कर्षांची वाट पाहू नये. अमेरिकेतील नॅशनल शेलफिशरीज असोसिएशन वार्षिक अधिवेशनात विद्यार्थ्यांच्या सादरीकरणांना पुरस्कार देते आणि ‘जर्नल ऑफ शेलफिश रिसर्च’ हे नियतकालिकही तीच संस्था चालवते. मला पुरस्कारापेक्षा तेथे हॅचरीचालक व कालवे वाढवणारे शेतकरी यांच्याशी होणारी ओळख अधिक मोलाची वाटते, कारण प्रयोगशाळेला न सुचलेले प्रश्न त्यांच्याकडे असतात.

पहिला शोधनिबंध प्रबंधाच्या एका प्रकरणातूनच तयार करावा आणि लेखकांचा क्रम काम सुरू होतानाच लेखी ठरवावा. जातीचे नाव लिहिताना जपावे : पॅसिफिक कालवाला पूर्वी क्रॅसॉस्ट्रिया गिगास म्हणत, २०१७ मध्ये त्याच्यासाठी मॅगलाना हे वंशनाम सुचवले गेले आणि त्यावर मतभेद असल्याने दोन्ही नावे वापरात आहेत, निबंधात एकदा तरी दोन्ही द्यावीत. डीएनएसाठी ऊतींचे नमुने तीव्र इथेनॉलमध्ये आणि ऊतिपरीक्षणासाठीचे नमुने स्थिरीकरण द्रवात, असे सुरुवातीपासून वेगळे जपावेत. प्रबंध सादर करण्यापूर्वी या नमुन्यांची सूची व रोजची नोंदवही प्रयोगशाळेत पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती सोपवावी आणि कोणती तुकडी का मेली, हेही त्याला समोर बसवून समजावून सांगावे.