हापूसमध्ये साका? झाडाखालच्या पाचोळ्यापासून फ्रिजपर्यंत या चुका टाळा

वरून फळ सोन्यासारखं पिवळं, घरभर घमघमाट. सुरी फिरवली की कोयीला लागून पांढुरका, भुसभुशीत गर. स्पंजासारखा दबतो, जिभेला आंबट लागतो. हा साका. मी घरच्या बागेतल्या पेट्या पहिल्यांदा थेट गिऱ्हाइकांना पाठवल्या, त्या वर्षी पुण्याच्या एका काकूंचा फोन आला. "अहो, वरून इतकं देखणं फळ, मग आतून असं कसं?" त्या रागावल्या नव्हत्या, खरंच विचारत होत्या. त्यांना नीट उत्तर द्यावं म्हणून मी या विषयाच्या मागे लागलो.

साका हा रोग नाही. तो किडीने होत नाही आणि वरून फळ हुंगून-दाबून ओळखूही येत नाही. त्याच्यामागे दोन गोष्टी आहेत. एक, तापलेल्या जमिनीची धग. दुसरी कोयीतली. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेच्या अभ्यासानुसार फळ झाडावर जास्त तयार झालं की आतलं बी रुजण्याच्या तयारीला लागतं आणि त्याची झळ भोवतालच्या गराला बसते. या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या, तर पुढच्या बऱ्याच चुका आपोआप कळतात.

पहिली चूक बाग स्वच्छ करण्याची. हौसेने झाडाखालचा सगळा पाचोळा झाडून जाळतात. कातळावरची बाग असेल तर एप्रिलच्या दुपारी जांभा असा तापतो की अनवाणी पाऊल ठेववत नाही. तीच धग खालच्या फांद्यांवरच्या फळांना लागते. पाचोळा, वाळलेलं गवत, भाताचा पेंढा झाडाच्या घेराखाली पसरून ठेवा. अशा आच्छादनाने साका कमी होतो हे प्रयोगांत दिसलेलं आहे. वणव्याची भीती खरी आहे, पण त्यासाठी बागेच्या कडेने जाळरेषा काढा, बुंध्याखालची जमीन उघडी टाकू नका.

दुसरी चूक मला सगळ्यांत महाग वाटते: पाड लागेपर्यंत, म्हणजे फळ झाडावरच पिकायला लागेपर्यंत थांबणं. झाडावर पिकलेला आंबा गोड, ही समजूत रायवळ आंब्याला चालेल. हापूस चौदा आण्यांना, म्हणजे साधारण 85 टक्के तयार झाला की उतरवायचा. देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे भरून वर आलेले दिसतात आणि देठ किंचित खड्ड्यात जातो. शंका असेल तर चार-पाच फळं पाण्याच्या बादलीत टाका. तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. घाईने बारा आण्यांचा आंबा काढला तर तो सुरकुततो आणि चवीला पाणचट होतो. सोळा आण्यांची वाट पाहिली तर साका वाढतो. त्यामुळे एका झाडाचे सगळे आंबे एकाच दिवशी उतरवू नका. मोहोर दोन-तीन वेळा आलेला असतो, तसे आंबेही दोन-तीन तोडींतच काढावे लागतात.

साका टाळण्यासाठी बंगळुरूच्या त्याच संस्थेचं 'अर्का साका निवारक' आहे, पण ते फळ पोसत असताना फवारायचं असतं. काढणी तोंडावर आल्यावर मारून उपयोग नाही.

काढताना आंबा ओढून तोडला की देठातून चीक उडतो आणि जिथे ओघळतो तिथे साल काळी पडते. पुढे त्याच देठाशी कूज सुरू होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला देठासकट फळ कापून जाळीत घेतो. दोन-तीन सेंटिमीटर देठ राहू द्या. काढणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करा, आणि फळं लगेच सावलीतल्या क्रेटमध्ये ठेवा. उन्हातल्या ढिगात तासभर पडलेला आंबा पेटीत गेल्यावरही आतून तापलेलाच असतो.

करपा (सालीवर काळे डाग पाडणारी बुरशी) आणि देठकूज रोखायला काढलेली फळं 52 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 10 मिनिटं बुडवणं हा चांगला उपाय आहे. मात्र थर्मामीटर हवाच. हाताने अंदाज घेऊन केलं तर साल भाजते.

अढी घालताना, म्हणजे आंबे पेंढ्यात पिकत ठेवताना, जागा वाचवायला चार-पाच थर रचतात. तोडलेलं फळही श्वास घेत असतं, त्यातून ऊब निघते आणि मधली फळं शिजल्यासारखी होतात. पेंढ्यात एक, फार तर दोन थर ठेवा, खोलीत वारा खेळू द्या, रोज हात फिरवून नासकं फळ काढा. एका नासक्या फळातून सुटणारा इथिलीन शेजारच्यांना वेळेआधी पिकवतो. पिकवायला कार्बाईड मात्र नकोच. त्याच्यावर बंदी आहे, त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात आणि फळ फक्त वरून पिवळं होतं. इथिलीन वायूला 100 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) परवानगी आहे. तोही बंद खोलीत देताना साठणारा कार्बन डायऑक्साईड बाहेर सोडावा लागतो, नाहीतर पिकणं अडखळतं.

गिऱ्हाइकांसाठी एकच विनंती: कच्चा किंवा अर्धा पिकलेला आंबा फ्रिजमध्ये ठेवू नका. 12-13 अंशांच्या खाली हापूसला थंडी बाधते. साल काळपट पडते आणि नंतर बाहेर ठेवलं तरी तो धड पिकत नाही. आधी बाहेर पूर्ण पिकू द्या, मग दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही.

नवी लागवड करणार असाल तर थोडी 'रत्ना'ही लावून बघा. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आलेली, 1981 सालची ही जात. तिच्यात साका होत नाही. बाजार हापूसच मागतो हे खरं, पण मी बांधाच्या कडेला पाच कलमं लावली आहेत, आणि घरात खायला आता आधी तेच आंबे आणतो.