गो शिकताना: आधी कलमं, मग गडगा

गो म्हणजे काळ्या-पांढऱ्या खड्यांनी पटावर जागा वेढायचा खेळ. नियम पाठ आहेत, आतारी (पुढच्या खेळीत खडे पकडले जातील अशी स्थिती) दिसते, दोन डोळे (गटाच्या आत दोन वेगळ्या रिकाम्या जागा) झाले की गट जगतो हे कळलेलं आहे. ९ बाय ९ च्या पटावर बरं चाललंय. पण १९ बाय १९ वर गेलं की डाव साठ-सत्तर गुणांनी जातो, आणि गंमत म्हणजे एकही मोठा गट मेलेला नसतो. सगळे जिवंत, सगळे सुखरूप, आणि तुम्ही हरलेले. असं होत असेल तरच पुढे वाचा. तुमचे गट धडाधड मरत असतील तर दुखणं वेगळं आहे. तुम्ही जगण्या-मरण्याचे छोटे प्रश्न सोडवत बसा.

मी देवगडकडचा. इथे गो खेळणारं माणूस शोधून सापडत नाही, त्यामुळे सुरुवात प्लायवूडवर रेघा मारून, चिंचोके आणि शर्टाची पांढरी बटणं घेऊन झाली. त्याआधी बुद्धिबळ. बुद्धिबळातून येणाऱ्यांना हा रोग हमखास लागतो. तिथे राजा सांभाळला नाही तर खेळ संपतो. गोमध्ये राजा नाही. १० खडे गेले तरी डाव चालूच राहतो, आणि ते देऊन दुसरीकडे २५ गुण मिळाले असतील तर तुम्ही फायद्यात. हे वाचताना पटतं. पटावर समोरच्याने आपल्या खड्याला खेटून खडा ठेवला की हात आपोआप तिथेच जातो. माझा अजून जातो.

आमच्याकडे जमीन घेतली की काही लोक आधी चारही बाजूंनी गडगा रचतात आणि कलमं लावायचं पुढच्या पावसावर ढकलतात. नवख्याचा गो तसा असतो. भिंत भक्कम, आत काही नाही. कोपऱ्यात चार-चारवर, म्हणजे दोन्ही कडांपासून चौथ्या रेषेवर, खडा ठेवला, समोरचा अजून फिरकलाही नाही, तर आपण तीन-तीनवर आणखी एक खडा ठेवून कोपरा ‘पक्का’ करतो. अरे, येऊ दे ना त्याला! तो तीन-तीनवर शिरला तर कोपऱ्यातले ८-१० गुण घेईल आणि तुम्हाला बाहेर भिंत मिळेल. २०१६-१७ पासून अल्फागो या गो खेळणाऱ्या संगणक प्रोग्रॅमच्या डावांमुळे हे लवकर शिरणं व्यावसायिक खेळाडूंतही रूढ झालं, म्हणून काही जण घाबरतात. घाबरू नका. कोपरा देऊन बाहेरची बाजू घेणं हा सरळ व्यवहार आहे. मात्र ती भिंत मिळाल्यावर तिला चिकटून जागा मोजत बसू नका. समोरच्याचा कच्चा गट तिच्यावर ढकलायचा, त्यासाठी ती असते.

आता एका जादा खेळीची किंमत. ही मला कुणी आधी सांगितली असती तर फार बरं झालं असतं. काळा पहिला खेळतो म्हणून पांढऱ्याला कोमी, म्हणजे भरपाईचे गुण, मिळतात, जपानमध्ये ६.५, चीनमध्ये ७.५. पहिल्या खेळीचा फायदा साधारण तेवढा धरलेला आहे. पण सुरुवातीला तुम्ही एक खेळी फुकट घालवली की पाळी समोरच्याकडे जाते, तुमचा फायदा त्याचा होतो आणि फरक दुप्पट पडतो. म्हणजे १३-१४ गुण. पहिल्या पन्नास खेळींत अशा चार ‘उगाच आपलं पक्कं असावं’ खेळी केल्या तर पन्नासेक गुण गेले. साठ-सत्तरने हरण्याचं गूढ ते एवढंच. जपानी मोजणीत तर आपल्याच जागेत ठेवलेला खडा वर एक गुण खातो. चिनी मोजणीत तो गुण वाचतो, पाळी मात्र गेलीच.

सापळा कुठे आहे ते जरा लांबण लावून सांगतो, कारण मी याच्यातच सर्वांत जास्त काळ अडकलो. लोक म्हणतात, तू भित्रा खेळतोस, धीट हो. हा सल्ला निरुपयोगी आहे. आपला गट जिवंत आहे का मेलेला हे माहीत नसतं, म्हणून हात बचावाला जातो. स्वभावाचा त्यात फारसा संबंध नाही. उदाहरण घ्या. पटाच्या बाजूला, कोपऱ्यापासून लांब, दुसऱ्या रेषेवर तुमच्या खड्यांची सलग ओळ आहे. वरून आणि दोन्ही टोकांना समोरच्याने कोंडलंय, पळायला वाट नाही. पाळी तुमची. इथे एक खडा घालायचा का?

खडे ८ असतील तर नाही. तो एका टोकाने पहिल्या रेषेवरून खाली शिरेल, तुम्ही अडवाल, दुसऱ्या टोकाने शिरेल, तेही अडवाल. मध्ये सलग ४ बिंदू उरतात, आणि सलग चारात तो मधल्या एका बिंदूवर आला की तुम्ही मधला दुसरा घेता. दोन डोळे. म्हणजे तो शिरल्यावर अडवायचं, तोवर तिकडे बघायचंही नाही. खडे ६ असतील तरीही घालायचा नाही, पण कारण उलटं. एका टोकाला तुम्ही खाली उतरलात तरी दुसऱ्या टोकाने तो शिरतो, तुम्ही अडवता, ३ बिंदू उरतात आणि पाळी त्याची. तो मधोमध बसला की संपलं. मेलेल्याला औषध पाजून काय उपयोग? खडे ७ असतील तर, आणि तरच, घालायचा. तुम्ही खेळलात तर ४ उरतात, तो खेळला तर ३. कोपऱ्यात हेच आकडे ४ मेले, ६ जगले असे होतात.

पुन्हा वाचा. तिन्ही ठिकाणी ओळ दिसायला सारखीच आहे आणि भीतीही सारखीच वाटते. उत्तर फक्त सातला द्यायचं असतं. आपण सहा, सात, आठ सगळ्यांना देतो, दोनदा पाळी फुकट घालवतो आणि म्हणतो, मी सावध खेळतो. याला सावधपणा म्हणत नाहीत, मोजायचा कंटाळा म्हणतात. (आणि मुळात दुसऱ्या रेषेवर सात-आठ खडे सरपटत नेणं हेच वाईट. तुम्हाला खड्यामागे जेमतेम एक गुण, त्याला मात्र मध्याकडे तोंड असलेली भिंत.)

म्हणून समोरच्याची खेळी पडली की स्वतःला विचारायचं: इथे मी नाहीच खेळलो, तर तो पुढच्या खेळीला काय करेल? नुसतं ‘काहीतरी वाईट’ हे उत्तर चालणार नाही. कुठे खेळेल, त्यावर माझं काय जाईल, किती गुणांचं जाईल. ते पटावरच्या दुसऱ्या मोठ्या जागेपेक्षा कमी असेल तर सरळ उठून तिकडे जायचं. याला तेनुकी म्हणतात, आणि हे पहिल्यांदा करताना पोटात खड्डा पडतो. पडू दे. चिनी परंपरेत गोची दहा सूत्रं आहेत, त्यातलं एक चक्क खडे सोडा आणि पुढाकार घ्या असं सांगतं. म्हणजे हा मोह जुनाच आहे.

काही ठिकाणी मात्र शहाणपणा करायचा नाही. एक घर सोडून मारलेल्या उडीच्या मध्ये समोरच्याने डोकावलं की बहुतेक वेळा जोडायचंच. बांबू सांध्यात (दोन-दोन खड्यांच्या समोरासमोर जोड्या, मध्ये दोन रिकामे बिंदू) तो एका बाजूने शिरला की दुसरी बाजू तुमचीच. आणि ज्या गटाला एकही डोळा नाही, पळायची वाट बंद होत चाललीय, तिथे उत्तर द्या. तिथून तेनुकी करणारा धीट नसतो, मूर्ख असतो. तिसऱ्या रेषेवर एकट्या खड्यापासून दोन बिंदू सोडून केलेला विस्तार मात्र सहसा तुटत नाही. समोरचा जवळ आला म्हणून तो लगेच सांधायला धावू नका.

शिकवणाऱ्यांबद्दल माझं मत थोडं कडू आहे. काही चांगले खेळाडू नवख्याला खूश ठेवायला हलकं खेळतात, आपल्या प्रत्येक बचावाला ‘छान, सॉलिड’ म्हणतात. अशांचा उपयोग शून्य. माझा कुडाळचा मावसभाऊ गो धड खेळतही नाही, नियम तेवढे माहीत. एकदा बाजूला बसून बघत होता आणि वैतागून म्हणाला, “अरे, तो थंय खेळलो म्हणान तू थंयच कित्याक खेळतंस?” कितीतरी पुस्तकी सल्ल्यांपेक्षा हे वाक्य कामाला आलं. कोपऱ्यांतल्या जोसेकी (ठरलेल्या खेळींचे क्रम) पाठ करण्यावरही माझा राग आहे. जोसेकी म्हणजे समोरच्याने टाकलं की आपण उत्तर टाकायचं, याचीच घोकंपट्टी. ज्याचा रोगच उत्तर देणं आहे त्याने ती कशाला वाढवायची? दोन-तीन साध्या येत असल्या तर सध्या पुरे.

काटागोसारखं एआय वापरायचं तर एकाच कामासाठी वापरा. हरलेला डाव त्यात घाला, आणि जिथे तुम्ही समोरच्याच्या खेळीला खेटून उत्तर दिलंत तेवढ्याच खेळी बघा. अंदाजे गुणफरक किती घसरला ते तिथे दिसतं. १० किंवा जास्त घसरला असेल तर पट मांडून मघाचा प्रश्न विचारा. त्याने सुचवलेली खेळी पाठ करू नका, ती का हे तो सांगत नाही.

आता वाईट बातमी. हे सुरू केलंत की काही काळ तुम्ही आणखी हराल. मोजणी चुकेल, तेनुकी कराल आणि मागे १५ खड्यांचा गट मरेल. ऑनलाइन रँक दोन-तीन क्यू, म्हणजे पायऱ्या, खाली येईल. इथे पुष्कळ जण घाबरून परत गडग्यावर जातात. जाऊ नका. हे हरणं वेगळं असतं, कुठे चुकलं ते बोट ठेवून दाखवता येतं. आधीच्या हरण्यात तेही दाखवता येत नव्हतं. काहींचं उलट होतं, बचाव सुटला की दिसेल त्याच्यावर तुटून पडतात. त्यांच्यासाठी त्याच दहा सूत्रांत आणखी एक आहे: हल्ला करताना आपल्याकडे बघा.

कोकणात राहणाऱ्यांना एक वेगळी सूचना. पावसाळ्यात लाइव्ह डाव लावू नका. मोठी सर आली की वीज जाते, मग नेटवर्क जातं आणि जिंकत आलेला डाव घड्याळावर जातो. ओजीएस या ऑनलाइन गोच्या साइटवर पत्रव्यवहारासारखे सावकाश डाव लावता येतात, एका खेळीला दिवस-दोन दिवस मिळतात. या रोगावर ते औषधही आहे, कारण उत्तर लगेच द्यायची सोयच राहत नाही. खेळी बघायची, मोबाइल ठेवायचा, जेवणखाण करून यायचं आणि मग विचारायचं, काय जातंय?

डाव संपत आला की हिशोब पुन्हा बदलतो. तेव्हा बाकी मोठ्या जागा उरलेल्या नसतात, त्यामुळे तेनुकीची नशा उतरवा. विशेषतः समोरचा दुसऱ्या रेषेवरून तुमच्या जागेत पहिल्या रेषेवर लांब उडी मारतो, ती मंकी जंप. साधारण ८ गुणांची असते आणि बहुतेक वेळा सेंते, म्हणजे उत्तर द्यावंच लागतं. ते नेमकं कुठून द्यायचं हे पटावर मांडून बघून ठेवा, घाईत अडवलं तर आणखी दोन-चार गुण जातात. माकडं बागेत शिरल्यावर काय होतं ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको.