जुना लॅपटॉप: आधी एसएसडी, मग बाकीचं

आठ-दहा वर्षांपूर्वीचा हार्ड डिस्कवाला लॅपटॉप रडतखडत सुरू होत असेल, तर दुकानात पहिला सल्ला मिळतो 'रॅम (मेमरी) वाढवा'. बऱ्याचदा हा प्रकार आजार म्हशीला आणि औषध पखालीला असा असतो. म्हणून पैसे मोजण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. काहीच काम चालू नसताना डिस्क बराच वेळ १०० टक्क्यांवर अडकली असेल, तर दुखणं बहुधा हार्ड डिस्कचं. मेमरी भरली की विंडोज डिस्कवरची जागा वापरतं, त्यामुळे दोन्ही आकडे वर असले तरी सुरुवात एसएसडीपासूनच करा, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या, चिपांवर माहिती साठवणाऱ्या वेगवान डिस्कपासून.

क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये डिस्कची तब्येत पाहून घ्या. 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसलं, तर हातातलं काम टाकून आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवा. अशी डिस्क क्लोन करण्याच्या, म्हणजे विंडोजसकट हुबेहूब नक्कल उतरवण्याच्या, फंदात पडू नका, नव्या एसएसडीवर विंडोज कोरं टाका. डिस्क धडधाकट असेल तर साटा (डिस्क जोडण्याचा एक प्रकार)-यूएसबी केबलने एसएसडी जोडून क्लोन करता येतं. त्यासाठी क्लोनझिला हा मोफत प्रोग्रॅम वापरणार असाल तर नवी एसएसडी जुन्या डिस्कपेक्षा लहान घेऊ नका.

या वयाच्या लॅपटॉपला बहुतेक वेळा अडीच इंची साटा एसएसडी लागते. तिचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत, जुन्या हार्ड डिस्कचा जेमतेम १००. खरा फरक मात्र हजारो बारक्या फायली उघडताना जाणवतो, कारण एसएसडीत फिरणारी तबकडीच नाही. महागडं मॉडेल घेऊन या लॅपटॉपवर फार काही पदरात पडणार नाही. आत एम.२ स्लॉट (पट्टीसारख्या एसएसडीची खाच) असेल तर तो साटा चालवतो की एनव्हीएमई हा त्याहून वेगवान प्रकार, हे मॉडेल नंबरावरून तपासा. नुसती बसली म्हणजे चालली असं नाही.

आता उघडायचं. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी सुटी होत असेल तर तीही. एका कोऱ्या कागदावर मागच्या झाकणाचा आकार काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने डकवत जा. हा उद्योग पोरकट वाटतो, पण लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की वर कीबोर्डशेजारी टेंगूळ येतं. एखाद-दुसरा स्क्रू रबरी पायाखाली दडलेला असतो. सगळे निघूनही झाकण हटत नसेल तर जोर लावू नका, राहिलेला शोधा. कडेने जुनं एटीएम कार्ड फिरवलं की खाचा सुटतात. बॅटरी आत असेल तर सर्वांत आधी तिचा कनेक्टर काढा आणि पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा.

हार्ड डिस्क पत्र्याच्या चौकटीत असते. ती चौकट एसएसडीला लावा आणि त्याच जागी सरकवा.

रॅम घेताना जुनी पट्टी सोबत न्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पट्टी दाखवली की सांगत बसावं लागत नाही. डीडीआर३ आणि डीडीआर४ यांच्या खाचा वेगळ्या, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही, पण १.५ व्होल्टची डीडीआर३ आणि १.३५ व्होल्टची डीडीआर३एल दिसायला सारख्याच. लेबलवरचा 'एल' बघून घ्या. पट्टी तिरकी आत सारून खाली दाबा, दोन्ही बाजूंच्या क्लिपा 'टक्' वाजल्या पाहिजेत. काही पातळ मॉडेल्समध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे हा विषय संपला.

झाकण उघडलंच आहे तर पंख्यातली धूळ ब्रशने काढा, पाती बोटाने धरून. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट बदलणं एसएसडीपेक्षा नाजूक काम आहे. लॅपटॉप तापून बंद पडत नसेल तर तिकडे वळू नका. बॅटरी फुगलेली दिसली तर टोचू-दाबू नका. ती ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

स्क्रू लावण्याआधी एकदा सुरू करून पाहा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर स्वीकारत नाही, म्हणून घरगुती कामाला विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकलेली बरी. काढलेली हार्ड डिस्क ठणठणीत असेल तर यूएसबी केसिंगमध्ये घालून बॅकअपला वापरा.