फायरवॉलला दुसरं नेटवर्क कार्ड दिसत नाही? पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी या चुका टाळा

लातूर-नांदेडकडे क्लासच्या ऑफिसात, होस्टेलवर, कॉलेजच्या लॅबमध्ये जुना डेस्कटॉप काढून त्यावर व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या आभासी संगणकात) पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स ही फायरवॉल, म्हणजे इंटरनेट आणि आतलं नेटवर्क यांच्यामधला पहारेकरी, बसवतात. बहुतेकांचं काम एकाच जागी अडतं. वॅन, म्हणजे इंटरनेटची बाजू, सापडतो, पण लॅनसाठी, म्हणजे आतल्या नेटवर्कसाठी, कार्डच नसतं. मग आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) पुन्हा उतरवून सगळं नव्यानं इन्स्टॉल केलं जातं. त्यात दुपार जाते आणि कार्ड काही येत नाही, कारण व्हर्च्युअल मशीनला तुम्ही जेवढी कार्डं दिलीत तेवढीच फायरवॉल दाखवणार.

म्हणून आधी कार्डं मोजा. पीएफसेन्स लॅन विचारत असेल तर तिथं काही न लिहिता एंटर दाबा, फक्त वॅनवर पुढे जा आणि मेनूतला ८ नंबर दाबून शेल, म्हणजे कमांड लिहायची जागा, उघडा. ‘आयएफकॉन्फिग’ चालवा. ‘लो०’ आणि ‘पीएफलॉग०’ सोडून द्या, ती कार्डं नव्हेत. ‘ईएम’ म्हणजे इंटेल, ‘व्हीटीनेट’ म्हणजे व्हर्ट-आयओ हे आभासी कार्ड, ‘व्हीएमएक्स’ व्हीएमवेअरचं, ‘एचएन’ हायपर-व्हीचं. कार्ड या यादीत नसेल तर ‘पीसीआयकॉन्फ -एलव्ही’ चालवून पाहा. तिथं नेटवर्कची ओळ ‘नन’ या शब्दानं सुरू झाली असेल, तर कार्ड पोचलंय पण त्याला ड्रायव्हर मिळालेला नाही. अशा वेळी कार्डाचा प्रकार बदला. ओळच नसेल तर चूक बाहेर, व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये आहे.

व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये पहिलंच अडॅप्टर (कार्ड) चालू असतं, बाकीची बंद. मशीन पूर्ण बंद करा. स्थिती सेव्ह करून ठेवलेली असेल तर हे पर्याय पुसट राहतात. ‘अडॅप्टर २’ वर टिक करा, प्रकार इंटेल प्रो १००० ठेवा, जोडणी ‘इंटर्नल नेटवर्क’ निवडा आणि ‘केबल कनेक्टेड’ ची टिक आहे ना बघा. फायरवॉलमागून नेट घेणाऱ्या क्लायंट मशीनवर इंटर्नल नेटवर्कचं नाव अक्षरन् अक्षर तेच हवं. ब्रिजची (आभासी कार्ड खऱ्या कार्डाला जोडणाऱ्या जोडणीची) यादी रिकामी दिसत असेल, तर विंडोजमधल्या लॅन कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये व्हर्च्युअलबॉक्सच्या ब्रिज ड्रायव्हरची टिक निघालेली असते.

प्रॉक्समॉक्स या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर सुरुवातीला ‘व्हीएमबीआर०’ हा एकच ब्रिज मिळतो. दुसरा बनवतात, पण ‘अप्लाय कॉन्फिगरेशन’ दाबायचं राहून जातं, म्हणजे तो ब्रिज प्रत्यक्षात उभाच राहत नाही. त्याहून वाईट म्हणजे दोन्ही कार्डं एकाच ब्रिजला लावणं. मग फायरवॉलचा डीएचसीपी (आयपी पत्ते आपोआप वाटणारी सोय) थेट फायबरच्या डब्याच्या नेटवर्कमध्ये आयपी वाटू लागतो. काही मोबाइल चालतात, काही नाही, आणि शिव्या खातो इंटरनेटवाला. व्हर्ट-आयओ वापरत असाल तर पीएफसेन्सच्या सिस्टीम, अ‍ॅडव्हान्स्ड, नेटवर्किंगमध्ये हार्डवेअर चेकसम ऑफलोडिंग बंद करून रीबूट करा. नाहीतर पिंग जातो पण पानं उघडत नाहीत, आणि दोष कार्डाला दिला जातो.

दोन कार्डं दिसली की कोणतं कुठलं हा प्रश्न येतो. ‘ए’ दाबून आपोआप ओळखायला सांगू नका. ते केबल काढ-घाल करून ओळखतं, आणि व्हर्च्युअल केबल कायम लागलेलीच असते. मॅक पत्ता, म्हणजे प्रत्येक कार्डाचा ओळख क्रमांक, जुळवणं हाच खात्रीचा मार्ग. समजा सेटिंगमध्ये वॅनसाठी ठेवलेल्या अडॅप्टर १ चा पत्ता ०८:००:२७ ने सुरू होऊन ४१:०७ वर संपतो. फायरवॉलच्या यादीत ४१:०७ ज्या नावासमोर आहे, तोच वॅन. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवर चौथं कार्ड जोडल्यावर आधीच्यांचा क्रम बदलू शकतो, तेव्हा क्रमावर कधीच विसंबू नका. मशीन क्लोन करताना मॅक नवे घ्या.

कधी कार्ड हजर असूनही गायब वाटतं. फायबरच्या अनेक डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो आणि फायरवॉलच्या लॅनचा मूळ पत्ताही तोच. दोन्ही बाजूंना एकच नेटवर्क झालं की फायरवॉलला वाट कळत नाही. मेनूत २ दाबून लॅन १९२.१६८.१०.१, मास्क २४ करा.

यूएसबी लॅन कार्ड थेट व्हर्च्युअल मशीनला देऊ नका. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट दिवसातून कितीदा जाते-येते ते ठाऊकच आहे. लाइट आल्यावर ते कार्ड उशिरा जागं झालं, की पीएफसेन्स ‘इंटरफेस मिसमॅच’ म्हणून थांबतो आणि कुणी कीबोर्डवर उत्तर देईपर्यंत अख्खं होस्टेल नेटविना राहतं. डेस्कटॉपच्या आत बसणारं पीसीआय-ई कार्ड घेणं सगळ्यात बरं. ते जमत नसेल तर यूएसबी कार्ड प्रॉक्समॉक्सच्या ब्रिजमध्ये ठेवा. मग फायरवॉलला कायम ‘व्हीटीनेट’ दिसतं, आणि यूएसबी कार्ड बदललं तरी फक्त ब्रिजमधलं पोर्टचं नाव बदलावं लागतं.