ऑर्डरली बुक वाचायला बसताना

मी फौजेत 24 वर्षं क्लार्क होतो. रोज सकाळी परेड स्टेट, म्हणजे हजेरीचा तक्ता, भरायची, मग पार्ट वन (रोजच्या कामाच्या) आणि पार्ट टू (जवानांच्या वैयक्तिक नोंदींच्या) ऑर्डर काढायच्या. आता वर्षातले काही महिने न्यू जर्सीत मुलीकडे असतो. तिथे मॉरिसटाउनची छावणी पाहून आलो आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांशी लढलेल्या कॉन्टिनेंटल आर्मीची ऑर्डरली बुकं, म्हणजे रोजच्या ऑर्डरी उतरवून ठेवायच्या वह्या, वाचायला लागलो. अडीचशे वर्षांपूर्वीचं पान, पण पहिल्याच दिवशी आपल्या ऑफिसात बसल्यासारखं वाटलं. ज्यांना ती वाचायची आहेत त्यांनी सुरुवात अशी करावी.

पहिलं पान 9 जुलै 1776 चं घ्या. सरसेनापती वॉशिंग्टनच्या जनरल ऑर्डर्स, म्हणजे सगळ्या फौजेसाठीच्या ऑर्डरी, छापील स्वरूपात इंटरनेटवर फुकट मिळतात. ते पान शेजारी उघडून ठेवा, मग हस्तलिखिताला हात घाला. सगळ्यात वर हेडक्वार्टर्स, न्यूयॉर्क आणि तारीख. त्याखाली परवलीचे दोन शब्द: पॅरोल मँचेस्टर, काउंटरसाइन नॉरफोक. हे शब्द रोज बदलत. मग पळून गेलेल्या दोन शिपायांना प्रत्येकी 39 फटक्यांची शिक्षा. मग शहराबाहेर जायच्या पासांचा विषय, पलटणींच्या पाद्र्यांचा महिना 33 डॉलर आणि एक तृतीयांश पगार. आणि मग ती ओळ: संध्याकाळी 6 वाजता सगळ्या ब्रिगेड आपापल्या परेडवर उभ्या कराव्यात आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचावा. ब्रिगेड मेजरांनी, म्हणजे ब्रिगेडच्या ऑर्डरी पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी, त्याच्या प्रती अ‍ॅडज्युटंट जनरलच्या ऑफिसातून न्याव्यात. इतकी मोठी गोष्ट पास आणि पगारानंतर येते, कारण ऑर्डर अशीच निघते. मी ती वाचली तेव्हा अंगावर काटा आला.

त्या 39 आकड्याकडेही लक्ष द्या. 1775 च्या लष्करी कायद्यात फटक्यांची कमाल मर्यादा तेवढीच होती. सप्टेंबर 1776 मध्ये ती 100 झाली. सुटं पान हातात आलं, तारीख फाटलेली आहे आणि शिक्षा 100 फटक्यांची आहे, तर ते पान त्यानंतरचं समजायला हरकत नाही.

ऑर्डर खाली कशी जायची ते समजलं की निम्मी अक्षरं आपोआप लागतात. हेडक्वार्टरची ऑर्डर ब्रिगेड मेजर उतरवून घेत, त्यांच्याकडून पलटणीचं कामकाज पाहणारे अ‍ॅडज्युटंट, त्यांच्याकडून कंपनीचे ऑर्डरली सार्जंट. वाटेत ब्रिगेडची आणि पलटणीची स्वतःची ऑर्डर खाली जोडली जाई. पुष्कळदा एकजण वाचायचा आणि बाकीचे ऐकून लिहायचे. त्यामुळे एकाच आडनावाची तीन पुस्तकांत तीन स्पेलिंगं सापडतात. शब्द अडला की मोठ्याने म्हणून बघा, कानाला कळतो. तरी नाही लागला, तर त्याच तारखेचं दुसऱ्या पलटणीचं पुस्तक काढा. शब्दाच्या मध्ये एफसारखं दिसणारं अक्षर बहुतेक वेळा जुना लांब एस असतो. ओळीच्या वर चढवलेली बारीक अक्षरं म्हणजे शब्द तोडलेला आहे: रेजिमेंट, कॅप्टन, हेडक्वार्टर्स.

आता रिटर्न, म्हणजे संख्येचे तक्ते. इथे घाई करू नका. ड्युटीला हजर, आजारी पण छावणीत, आजारी आणि बाहेर, कामगिरीवर, रजेवर, असे रकाने असतात. आधी रकान्याचं नाव वाचा, मग आकडा. ही चूक किती महागात पडते ते वॉशिंग्टनने 1775 च्या ऑगस्टमध्ये पाहिलं. बंदुकीच्या दारूची तीनशेवर पिंपं आहेत असा हिशोब त्याच्यापुढे आला होता. तो जमा झालेल्या सगळ्या मालाचा होता, खर्च वजाच केलेला नव्हता. कोठारात शिल्लक होती 36. सगळीकडची दारू धरून माणशी 9 फैरींच्या वर निघेनात, आणि समोर बोस्टनमध्ये इंग्रज फौज. त्याच्या हाताखालच्या जनरल सुलिव्हनने लिहून ठेवलंय की वॉशिंग्टन अर्धा तास एक शब्द बोलला नाही.

उतरवून घेताना काही सुधारू नका. चुकलेलं स्पेलिंग तसंच ठेवा, तुमचा अंदाज चौकटी कंसात लिहा, कोरा रकाना कोराच सोडा. 1779 मध्ये फौजेला कवायत शिकवणाऱ्या स्टॉयबेनच्या नियमावलीने प्रत्येक कॅप्टनला कंपनीचं पुस्तक ठेवायला लावलं: शिपायाचं नाव, वर्णन, धंदा, जन्मगाव, भरती कधी आणि किती मुदतीची. पण 8 नोव्हेंबर 1800 ला वॉर डिपार्टमेंटला, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी खात्याला, आग लागली आणि तिथले बहुतेक कागद गेले. त्यामुळे त्या युद्धातल्या शिपायांसाठी 1832 चा पेन्शन कायदा आला तेव्हा सत्तरी ओलांडलेली माणसं कोर्टात शपथेवर सांगत होती, कुणाच्या कंपनीत होतो, कुठे लढलो.

हे मला जवळचं वाटतं त्याला कारण आहे. माझ्या हातून एका जवानाच्या मुलीच्या जन्माची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये राहून गेली होती. तो गेल्यावर त्याची बायको त्या एका ओळीसाठी दोन वर्षं कागद घेऊन फिरली. म्हणून पानावर शिपायाचं नाव आलं की मी त्याच्याखाली पट्टी धरतो, दोनदा वाचतो आणि मगच उतरवतो.